कुलपाला कुठला बाप

आपल्याच गावच्या फाट्यावर मुगोयानं ट्रक थांबवला, उडी मारली आणि आधी मागं धावला. कंटेनरच्या दारावरच्या कुलपाचा दिवा अजून हिरवा होता.

रस्त्याकडेला नाइगागा आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. केळीच्या बागेपल्याड तिच्या भावाला, म्हणजे मुगोयाच्या बापाला, पुरायची तयारी चालली होती. थोरल्या मुलानं पहिली मूठ माती टाकल्याशिवाय तिथं कुणी फावड्याला हात लावत नाही.

"चल."

"आत्या, बाबांना खड्ड्यापाशी आणलंय का?"

"आमदार बोलतोय. जन्मात तोंड पाहिलं नव्हतं दादाचं, आणि आता त्याच्या बालपणापर्यंत पोचलाय. त्याच्यामागून पाद्री आहेत."

"मला नाही थांबता येणार. ट्रक फार वेळ उभा राहिला की दिवा लाल होतो. राजधानीत बसल्या जागी कस्टमवाल्यांना दिसतं. मग जीप येते आणि लायसन्स जातं."

आत्या कुलपासमोर जाऊन उभी राहिली. खेकड्याकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. "तुझा बाप मेल्यावर काय करशील रे तू?" कुलूप ढिम्म.

"आणि एवढं आहे तरी काय आत?"

मुगोयानं मान खाली घातली. "सरहद्दीपलीकडं, कीगालीच्या हॉटेलांसाठी... संडासाची भांडी."

आत्यानं वर आभाळाकडे पाहिलं. "ऐकलंस ना दादा, तुझ्याआधी कुणाचा नंबर लागलाय ते!"

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी सरहद्दीवर ट्रक असे अडकायचे, की ड्रायव्हर गावी जाऊन बापाला पुरायचे, बहिणीचं लग्न लावायचे, तिच्या पोराचं बारसं जेवून परत यायचे, आणि रांग जिथल्या तिथं! मग शहाण्या माणसांनी सुधारणा केल्या. आता समुद्र नसलेल्या मुलखातही माल वाऱ्यासारखा पोचतो. चांगलंच झालं. मुगोयाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

फोन वाजला. पलीकडे राजधानीतल्या ऑफिसातली एक पोरगी होती, आवाजानं गोड. "काका, तुमची गाडी थांबलीय. कारण सांगा."

"बाप वारला."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "कारणांत ते नाहीये हो, काका. पंक्चर, इंजिन, अपघात, यातलं काही आहे का? पंक्चर म्हणालात तर बघायला माणूस पाठवावा लागेल."

"पंक्चर नाही."

"मग निघा ना, काका. माझ्या हातात काहीच नाही." आवाज आता तितका गोड राहिला नव्हता. रडवेला झाला होता.

आत्यानं सगळं ऐकलं. "शर्ट काढ," ती म्हणाली.

"काय?"

"सरोवरात बुडालेल्याचं प्रेत घरी आलं नाही, तर त्याच्या जागी आपण त्याचे कपडे घातलेला केळीचा खांब पुरतो की नाही? तो माणूस म्हणून चालतो की नाही? मग जित्याच्या जागी चालायला काय धाड भरलीय! काढ शर्ट, आणि जा तुझी भांडी घेऊन."

आत्याच्या हाकेसरशी धावत आलेल्या धाकट्या भावानं, वाइस्वानं, कोयत्याच्या एका घावात खांब तोडला. त्याला शर्ट चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. मुगोयानं वाकून मूठभर माती उचलली आणि बाहीत भरली. बाहीचं तोंड आत्यानं गाठ मारून बांधलं. आत्या आणि वाइस्वा खांबाला काखेत धरून बागेत शिरले. पाय लटपटणाऱ्या थोरल्या मुलाला न्यावं, तसे.

मुगोया उघड्या अंगानं स्टिअरिंगवर बसला. चावी फिरवली.

बागेपल्याड म्हाताऱ्या बायका त्याच्या बापाच्या नावानं रडत होत्या. खांब आला तशा त्या थबकल्या. कपडे घातलेल्या खांबाचा त्यांना एकच अर्थ ठाऊक होता. कुणीतरी शर्ट ओळखला.

"मुगोया! अरे माझ्या मुगोया!"

मग सगळ्याच ओरडल्या. काच खाली होती. दुसरा गिअर पडेपर्यंत त्याला ते सगळं ऐकू येत होतं.