दिवेलागणीची हाक

कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी बायका घसा फोडून ओरडत होत्या, "आमची पोरं परत आणा!" निवृत्त ग्रंथपाल शिरधनकर मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभे होते.

युद्ध दुसऱ्यांचं, पण शिरधनकरांच्या मुलाचं, केदारचं जहाज तिथल्या बंदरात तीन महिने अडकून पडलं होतं. मोर्चाचा आज नववा सोमवार. कलेक्टरसाहेब दर सोमवारी बाहेर येऊन एकच वाक्य सांगत, "सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे."

"लक्ष तर आमचं मांजरही ठेवतं!" सुर्वेबाई दर वेळी फटकारत. त्यांचाही मुलगा त्याच जहाजावर होता.

काल केदारचा फोन आला होता. सुर्वेबाईंनी पाठवलेला मोर्चाचा व्हिडिओ जहाजावर सगळ्यांनी पाहिला होता. "बाबा, तुमचे फक्त ओठ हलतायत," म्हणून तो हसला. मग हळूच म्हणाला, "एकदा ओरडा ना. मला ऐकायचंय."

शिरधनकरांनी जन्मात आवाज चढवला नव्हता. दिवेलागण झाली तरी लहानगा केदार पुळणीवर खेळत राही, तेव्हाही ते हाक मारत नसत. वाळू तुडवत जात आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवत. आता तिथवर चालत जाता येत नव्हतं.

साहेब बाहेर आले. "सरकार परिस्थितीवर..."

"केदार!" भर उन्हात शिरधनकर ओरडले. "घरी ये रे! दिवे लागले!"

साहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं. सुर्वेबाईंनी डोळे पुसत मोबाइल त्यांच्याकडे वळवला.

"भाऊ, पुन्हा एकदा. मघाशी व्हिडिओ चालू करायचा राहिला."

त्यांनी पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.