पाळण्यावरची माळ

यंत्राखाली शिंपला ठेवला की तो ज्या पाण्यात वाढला, त्यात काय काय होतं ते पडद्यावर दिसायचं. नववीच्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी घरून शिंपले आणायला सांगितले होते. बंगल्यांकडच्या मुलांचे शिंपले स्वच्छ निघाले. कोळीवाड्यातल्या भाविकाने धाकट्या वेदूच्या पाळण्यावरच्या माळेतला एक आणला होता. वेदूच्या वेळी पोटुशी असताना आईने खाडीतून तिसऱ्या वेचून आवडीने खाल्ल्या होत्या आणि त्यांचेच शिंपले ओवून ठेवले होते. ती माळ कितीही खुळखुळवली तरी वेदूने कधी मान वळवली नाही.

पडदा लाल झाला.

"पारा," बाई म्हणाल्या. "कारखान्याचं पाणी तुमच्याच बाजूला सोडतात ना. पोटातल्या बाळाचे कानसुद्धा जातात याने."

वेदू बहिरा झाला तो आपण ग्रहणात विळी हातात धरली म्हणून, असं आई अजून म्हणते. ग्रहणाने काही होत नसतं, म्हणून भाविका दर वेळी तिच्याशी भांडायची.

संध्याकाळी बोंबील तळता तळता आईने विचारलं, "काय निघालं गं शिंपल्यात?"

भाविकाने शिंपला परत माळेत ओवला.

"पाणी चांगलं होतं म्हणे," ती म्हणाली. "ते ग्रहणच असेल, आई."