माती धरेना

शुभाने प्लायवूड भिंतीला टेकवून उभं केलं आणि नॅशनल पार्कची टेकडी पुन्हा फरशीवर सांडली.

ही तिसरी वेळ. ओढ्याकाठची तांबडी माती, ऐनाची साल, सावरीची बोंडं, गोणपाट, गिरणी संपाच्या बातम्यांची रद्दी, एवढं सगळं जोडून तिला घरामागचं ते रान चित्रात आणायचं होतं. एका छोट्या नमुन्यावर प्रदर्शनात निवड झाली होती, तीही आयुष्यात पहिल्यांदा. मोठं चित्र सोमवारी द्यायचं, आणि आज शनिवार. डिंक झाला, खळ झाली, बाजारातला महागडा गोंदही झाला. माती वाळली की तडकायची आणि पापुद्रे सुटायचे. आता नाव मागे घ्यायचं, एवढंच उरलं होतं. तिने चित्र आडवं टाकलं आणि डोळे पुसत अर्ध्या दिवसाच्या ऑफिसला गेली.

दुपारी दार उघडताच शेणाचा वास आला.

गॅलरीत तिच्या सासूबाई, शेवंतीबाई, बांगड्या कोपरापर्यंत सारून चित्रावर ओणवल्या होत्या. शेजारी बादली. साली, बोंडं, गोणपाट, सगळं निवडून सुपात ठेवलेलं. सकाळीच एक थर देऊन त्यांनी उन्हात वाळवला होता, वर दुसरा चालला होता.

शुभा तशीच गॅलरीत धावली. काय केलंत हे, एवढंच तिला विचारता आलं.

शेवंतीबाईंना प्रश्नच कळला नाही. सून भिंत घालतेय आणि भिंत पडतेय, हे त्या महिनाभर बघत होत्या. शिकलेल्या सुनेला कसं सांगायचं म्हणून गप्प होत्या, नाहीतर गप्प बसणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे. आज सकाळी तिचे डोळे पाहिले आणि सरळ तबेला गाठला.

"नुसती माती खंय धरता गो? तिका शेण व्हया, भुसो व्हयो."

शुभाने भीतभीत प्लायवूडची कड उचलली. उभं केलं. मागून थाप मारली, मग चांगली बुक्की मारली. कणभरही माती पडली नाही. ती हसायला लागली आणि हसता हसता रडलीही.

मग पदर खोचून ती कामाला लागली. वरचा थर ओला होता तोवर साली दाबल्या, बोंडं रोवली. सासूबाईंच्या बोटांच्या अर्धगोल खुणा तिने तशाच ठेवल्या. टेकडीचा उतार तिला स्वतःला इतका नेमका जमला नसता.

सूप हातात धरून शेवंतीबाई एकेक वस्तू देत होत्या. हे कुणाच्या घरात लागणार, असं त्यांनी विचारलं. शुभाने समजावलं. आधी मोठ्या हॉलच्या भिंतीवर टांगणार, लोक येऊन बघणार, आणि कुणाला आवडलंच तर विकत घेऊन घरी नेणार.

शेवंतीबाईंनी मान डोलावली. पुढचं बोंड तिच्या हातात देत म्हणाल्या,

"जो कोण इकत घेतलो, त्येका सांग. पावस सरलो की परत सारवूक व्हया. माका बोलवा म्हणान."