डांबराखालचे मांडव

शाळेची बस यायची वेळ झाली होती आणि ती थांबते नेमक्या त्याच जागी रविराज पहार टेकवून उभा होता. मंडळाची दोन पोरं बांबू उतरवत होती.

"माझ्या सृष्टीची बस येऊन जाऊ द्या आधी," तेजल रस्त्याच्या कडेवरून म्हणाली. "मग काय खणायचं ते खणा."

"वहिनी, गणपती तोंडावर आलेत. मांडव काय हवेत रोवू?"

तेवढ्यात गंगापूर रोडकडून एक पांढरी गाडी गल्लीत वळली. मुंगीच्या चालीनं. तिच्या मागं जमिनीपासून वीतभर वर एक पिवळी पेटी लटकत होती. गाडी त्यांच्यापुढून गेली, मागं आली, पुन्हा थोडी बाजूनं पुढं गेली. मग काच खाली झाली. आत लॅपटॉप मांडीवर घेतलेली मुलगी होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, भाग्यश्री.

"दादा, पहार मारू नका. इथं खाली काय पुरलंय?"

"सोनं," रविराज हसला. "मॅडम, आत्ताच डांबर पडलंय. कॅरम खेळा यावर."

"वरून छानच आहे. ही पेटी रस्त्याला न शिवता लहरी सोडते आणि खालचं बघते. बघा ना."

दोघं खिडकीशी वाकले. पडद्यावर करडा रस्ता होता, आणि त्यात काळे ठिपके. रांगेनं. चार ठिपक्यांचा एक चौकोन, त्याला चिकटून जरासा सरकलेला दुसरा, मग तिसरा. पुढं मोजता येईनात.

तेजलला आधी उमजेना. मग तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे मांडव आहेत," ती म्हणाली. "आपलेच."

दरवर्षी विसर्जनानंतर बांबू उपटायचे, खड्ड्यात माती लोटायची आणि पायानं दाबायची. सगळं बुजलं असंच सगळे समजत होते. आणि इथं सगळे मांडव एकात एक उभे होते.

रविराजनं पडद्यावर बोट ठेवलं. त्याचा आवाज खाली आला होता. "हा तिरका कोपरा... त्या साली पाण्याचा पाइप लागला, म्हणून सरकवला होता. बाबा होते तेव्हा."

"या खड्ड्यांतून पाणी मुरत गेलं," भाग्यश्री म्हणाली. "खालची खडी वाहून गेलीय. वर नुसतं डांबराचं झाकण आहे. माणूस पेलेल, ही छोटी गाडीही पेलली. पण बस..."

कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

तेजल धावली. दोन्ही हात पसरून बससमोर उभी राहिली. ब्रेक करकचून लागले.

"अहो ताई, जीव नकोसा झालाय का?" बसचे ड्रायव्हर निवृत्तीकाका खिडकीतून ओरडले. "एवढा गुळगुळीत रस्ता, आणि अडवताय कशाला?"

तिनं मागं हात केला.

भाग्यश्री पडद्यावर बघून सांगत होती आणि रविराज ओणवा होऊन खडूनं वर्तुळं काढत होता. काळ्या कोऱ्या डांबरावर एकेक खांब उमटत होता.

निवृत्तीकाका मुलांना घेऊन खाली उतरले. वर्तुळांपाशी येऊन थबकले.

"काय आहे हे?"

"आपले गणपती, काका," रविराज म्हणाला. "जिथं जिथं बसले तिथं."

काकांनी चपला काढून हातात घेतल्या आणि मुलांची रांग कडेकडेनं न्यायला लागले.

रांगेत सगळ्यात मागं असलेली सृष्टी मात्र हलली नाही. ती खाली बसली आणि बुटाचे बंद सोडायला लागली.