त्याच्यावर नव्हे, त्याचं

“याला कच्चं लिंबू धरूया का?” अभयने पट उलगडत विचारलं.

उन्मेषने नको म्हटलं. तो आठवडाभर असल्या खेळांचे व्हिडिओ बघून आला होता. परळच्या ऑफिसात तो अभय, उर्वी आणि यतीनच्या शेजारी बसायचा, आणि दर सोमवारी ते तिघं आदल्या दिवशीच्या कशावर तरी हसायचे. कशावर, ते कोणी सांगायचं नाही. या रविवारी मात्र अभयने त्याला लालबागच्या खोलीवर बोलावलं होतं. नवा खेळ बनवलाय म्हणाला, चौथा भिडू हवाय. आज जिंकलो तर पुढच्या रविवारीही बोलावतील, असं उन्मेषने धरून ठेवलं होतं.

पट अभयने स्वतः रंगवला होता. नऊ किल्ले, मधे खाडी, प्रत्येकाला एक राजा आणि थोडं सैन्य. किल्ले गेले किंवा राजा पकडला गेला की माणूस बाद. नियम एका पुठ्ठ्यावर लिहिले होते. शेवटचा असा : जो शेवटी उरेल, राज्य त्याच्यावर.

उन्मेषचं लहानपण अबुधाबीत गेलं होतं. मराठी तो पुस्तकांतून शिकला, त्यामुळे ती शुद्ध होती.

“त्याच्यावर नव्हे,” तो म्हणाला. “राज्य त्याचं.”

यतीनला ठसका लागला. खालच्या दुकानात मिरची कुटत होते, त्याचा असावा.

“असू दे रे,” अभय म्हणाला. “आमच्याकडे असंच म्हणतात.”

अभयची आई मीराबाई पलंगावर मेथी निवडत बसल्या होत्या. उजेड आहे तोवर आटपा, एवढंच त्या अधूनमधून सांगत.

यतीनकडे सगळ्यात मोठं सैन्य होतं. ते त्याने भरतीच्या वेळी खाडीत उतरवलं आणि बुडवलं. उर्वीला फाशावर सहा पडले आणि उन्मेषचा एक किल्ला मिळाला, तर ती वैतागली. पुढच्याच खेपेला तिने तो परत दिला, वर आपलाही एक दिला. तह म्हणे. या लोकांना डावपेच कळत नाहीत, हे उन्मेषच्या लक्षात आलं. तसं तोंडावर दिसू नये म्हणून तो मेथीकडे बघत राहिला.

शेवटचा किल्ला पडल्यावर यतीन “सुटलो” म्हणाला आणि दाराशी जाऊन बुटांच्या नाड्या घट्ट बांधू लागला. हरल्याचा राग आला असेल म्हणून उन्मेषने त्याला थांबायचा आग्रह केला. जातोय कुठे, यतीन म्हणाला.

मग उर्वी सुटली. तिने केस वर बांधले, फोन सायलेंटवर टाकला आणि गच्चीचं कुलूप काढलंय का ते अभयला विचारलं. काढलं होतं. म्हणजे गच्चीवर पार्टी आहे, हे उन्मेषने ओळखलं. जिंकणाऱ्याची.

राहिले दोघं. अभयने किल्ल्याचा दरवाजा उघडून राजाला एकट्यालाच बाहेर काढलं.

“हा कुठे निघाला?” उन्मेषने विचारलं.

“हवा खायला.”

उन्मेषने राजा उचलला. नऊच्या नऊ किल्ल्यांवर आता त्याच्याच पिवळ्या सोंगट्या होत्या. तो जरा वेळ त्यांच्याकडे बघत बसला.

“मग आता मी तुमच्यात पक्का ना?” त्याने विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं.

“एकदम,” अभय म्हणाला. “कच्च्या लिंबावर राज्य येतच नाही.”

त्याने उन्मेषला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले.

“शंभरपर्यंत. मोठ्याने मोज.”

बाहेर गॅलरीत तीन जोडी पावलं तीन दिशांना धडधडत गेली. उन्मेषने एक म्हटलं. दोन म्हटलं. मागे पलंग करकरला.

“सावकाश मोज रे बाळा,” मीराबाई म्हणाल्या. “गच्चीपर्यंत चढायला मला वेळ लागतो.”

आणि चपला हातात घेऊन त्या मोरीच्या पडद्याआड शिरल्या.