पाटीभर दगडं

"देशाचे दोन तट पडलेत, आता यादवी अटळ आहे," असं कडेगावच्या माजी हवालदार जोतिबांनी जाहीर केलं, आणि बायकोची, शालूबाईंची, परवानगी काढून गच्चीवर वाळत घातलेले सांडगे एका कोपऱ्यात सारले. मोकळ्या जागेत त्यांनी दगड रचले.

शेजारच्या गच्चीवर राजारामही दगडच रचत होता. वीस वर्षांपासूनचा शेजारी, आता पलीकडच्या तटाचा. सीमेवर पहारा दिलेल्या जोतिबांनी चहा तसाच ठेवला आणि ढीग आणखी उंच केला.

संध्याकाळी राजाराम थेट कठड्याशी येऊन उभा राहिला. जोतिबांनी एक दगड हातात घेतला.



"आवं हवालदार, आमची दगडं कमी पडल्यात, पाटीभर उसनी द्या की. जरा बारकी बघून द्या, तुमच्याच गच्चीवर यायची हायत."