एकविसावे माप

रविवार, १६ मार्च २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. घ्यायची मापे एकवीस.

मयेकर सर खाडीच्या काठावर, स्वतः बांधलेल्या पाणबुडीत बसले होते. शेपटीचा पंख आतून दिसत नसे. म्हणून त्यांनी जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण पंखाला जोडून त्याचा कोन भंगारातल्या स्कूटरच्या पेट्रोलकाट्यावर आणला होता. बाहेर कुंदाताई पंखाला कोनमापक लावून उभ्या होत्या. सगळी मापे जुळली तरच दुपारच्या भरतीला खाडीत बुडी मारायची, ही अट कुंदाताईंचीच.

"अहो, पंधरा!"

"काटाही पंधरावरच!"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आपलं इतकं जुळतंय हो!"

विसावे मापही जुळले. तंत्रनिकेतनात शिकत असल्यापासून सरांनी मनात जपलेला पाण्याखालचा हिरवा उजेड आता सहा तासांवर आला होता. त्यांनी पंख वळवायचा दांडा शेवटपर्यंत ओढला. काटा वीसवर थांबला.

"कुंदा, किती गं?"

"बावीस." आवाज कापरा होता. "दोनदा पाहिलं मी."

वीस अंशांपुढे पंख जाऊच शकत नव्हता. तिथे लोखंडी अडसर सरांनी स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून बसवला होता. त्यांनी गोल काचेतून खाडीकडे पाहिले. पाणी चढू लागले होते.

मग त्यांनी वहीत शेवटच्या ओळीवर बावीस लिहिले आणि त्याखाली नेहमीच्या सुवाच्य अक्षरात निकाल मांडला: जुळलेली मापे, एकविसांपैकी वीस.